शाळेचे गुण, बोर्डाचे गुण आणि अंतिम निकाल

दहावीचा निकाल हाती पडला म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी प्रथम एकूण टक्के पाहतात, नंतर गणित व विज्ञान ह्यांचे गुण पाहतात, आणि शेजारच्या मुलास किती मिळाले ह्याची चौकशी करून तो कागद कपाटात जपून ठेवतात. त्या कागदावरील प्रत्येक विषयाचा आकडा ही दोन निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या दोन निरनिराळ्या वस्तूंची बेरीज असते, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. प्रचलित पद्धतीत शंभरांपैकी 80 गुण लेखी परीक्षेचे असतात. ते देणारा परीक्षक मुलास ओळखत नाही, आणि मूलही त्यास ओळखत नाही. राहिलेले 20 गुण तोंडी परीक्षा, गृहपाठ, प्रात्यक्षिक अशा कामांबद्दल शाळेतीलच शिक्षक देतो. तो मुलास वर्षभर पाहत आलेला असतो. किंबहुना त्याचे आईबापही त्याच्या परिचयाचे असतात. ह्या दोन आकड्यांची बेरीज करणे दुसरीतल्या मुलासही जमेल. परंतु ती बेरीज करावी की नाही, आणि करावयाची तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न शिक्षणशास्त्रातील मोठमोठ्या मंडळींस गेली सत्तर वर्षे सतावीत आला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक गाव डोळ्यांपुढे ठेवावे. वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीर तालुक्यात आसेगाव आहे. वऱ्हाडातील इतर गावांप्रमाणे ह्या गावच्या मुलांचा निकालही अमरावतीच्या विभागीय मंडळाकडून लागतो. दहावीनंतर मुलगी गावातून बाहेर पडून वाशीम, अकोला किंवा अमरावती येथे शिकावयास जाऊ म्हणाली, तर तिच्या हाती तो एकच आकडा असतो. 2025 पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तेव्हा आसेगावच्या मुलीचा आकडा पुण्याच्या मुलाच्या आकड्याशेजारी सरळ मांडला जातो. त्या आकड्यातील कोणता भाग कोणी व कोणत्या मापाने दिला, हे यंत्र विचारीत नाही.

जुन्या काळी हा प्रश्न नव्हता. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 साली झाली; महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. त्या परीक्षेत आणि तिच्यामागून शतकभर चाललेल्या परीक्षांत जे काय ठरे, ते लेखी उत्तरांवर ठरे. शाळेचा अधिकार एवढाच की, चाचणी परीक्षेत अगदीच कच्च्या ठरलेल्या मुलास ती फॉर्म देत नसे. म्हणजे शाळेचे मत 'हो' किंवा 'नाही' ह्या एका शब्दात व्यक्त होई; त्यास गुणांचे रूप नव्हते. ह्या पद्धतीत एक निष्ठुरता होती. वर्षभर उत्तम अभ्यास करणारा मुलगा त्या तीन दिवसांत तापाने फणफणला, तर त्याच्या वर्षभराच्या कामाची साक्ष देण्यास कोणी पुढे येऊ शकत नसे. म्हणून 1952-53 च्या मुदलियार आयोगाने शिफारस केली की, अंतिम निकाल ठरविताना शाळेतील वर्षभराच्या कामाचाही विचार व्हावा. अंतर्गत गुणांचे मूळ असे सदिच्छेत आहे, हे विसरता कामा नये.

ह्यानंतर दशकभराने, 1964 ते 1966 ह्या काळात, दौलतसिंग कोठारी ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने साऱ्या शिक्षणव्यवस्थेचा पुनर्विचार केला. त्याचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडील जे. पी. नाईक होते. ह्या आयोगानेही शाळेतील मूल्यमापनास मान दिला. परंतु सल्ला असा दिला की, शाळेचे मूल्यमापन आणि बाह्य परीक्षेचे गुण ह्यांची बेरीज करू नये. दोन्ही प्रमाणपत्रावर वेगवेगळे दाखवावे. ह्याचे कारण साधे होते. दोहोंचे हेतू भिन्न, रीती भिन्न, आणि एका शाळेने दिलेले गुण दुसऱ्या शाळेच्या गुणांशी ताडून पाहण्यास कोणतेही साधन नाही. शेर आणि पायली ह्यांची बेरीज होत नाही, तसलाच हा प्रकार. हा सल्ला आदराने ऐकला गेला आणि बाजूस ठेवला गेला. कारण लोकांस दोन आकडे नको असतात, एक हवा असतो.

आता बेरीज केल्याने नेमके काय घडते ते पाहावे. बहुतेकांची समजूत अशी असते की, 20 गुण शाळेकडे आहेत, म्हणजे निकालाचा पाचवा हिस्सा शाळेच्या हाती आहे. वस्तुतः तसे नाही. एखाद्या परीक्षेचे वजन तिच्या कमाल गुणांवर ठरत नाही. त्या गुणांत मुलामुलांमध्ये अंतर किती पडते, ह्यावर ठरते. शिक्षकाने वर्गातील प्रत्येक मुलास 20 पैकी 19 गुण दिले, तर त्या वर्गातील अनुक्रमावर ह्या परीक्षेचा परिणाम शून्य होतो. लेखी परीक्षेत 62 मिळविणारा 81 वर जातो, 58 मिळविणारा 77 वर जातो. पहिला पहिलाच राहतो व दुसरा दुसराच. शाळेने साक्ष देण्यासाठी दिलेली संधी तिने न वापरता परत केली, असाच ह्याचा अर्थ.

परंतु शाळेच्या भिंतीबाहेर पाऊल टाकताच तेच गुण भलतेच वजनदार होतात. समजा, आसेगावच्या एका कर्तव्यकठोर शिक्षकाने एका मुलीस तोंडी परीक्षेत 13 गुण दिले, कारण तिचे उत्तर तेवढ्याच योग्यतेचे होते. आणि दुसऱ्या गावच्या उदार शाळेने तितक्याच तयारीच्या मुलीस 20 दिले. फरक सात गुणांचा. तोच प्रकार प्रत्येक विषयात झाला, तर उत्तम पाच विषयांच्या 500 गुणांत तो 35 होतो. म्हणजे बरोबर सात टक्के. लेखी परीक्षेत दोघींनी सारखेच लिहिले असूनही एकीस हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो, दुसरीस मिळत नाही. ह्यात मुलीचा दोष कोणता? तिच्या शिक्षकाने खरे सांगितले, एवढाच. ज्या व्यवस्थेत शिक्षकाच्या सचोटीचा दंड त्याच्या विद्यार्थ्यास भरावा लागतो, तेथे थोड्याच वर्षांत सगळ्या शाळा उदार होतात, ह्यात नवल नाही. त्यांस दोष देणे सोपे आहे. परंतु मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून आपल्याच गावच्या मुलांचे नुकसान करणारा मनुष्य विरळा.

उत्तीर्ण होण्याच्या बाबतीत तर हा परिणाम अधिकच उघडपणे दिसतो. लेखी व अंतर्गत मिळून 35 गुण पुरतात. तेव्हा ज्यास शाळेने 20 पैकी 20 दिले, त्यास लेखी परीक्षेत 80 पैकी 15 मिळविले तरी चालते.

महाराष्ट्रात ह्या गोष्टीचा एक मोठा प्रयोग, प्रयोग म्हणून न योजता, होऊन गेला. मार्च 2018 च्या परीक्षेत दहावीचा निकाल 89.41 टक्के लागला होता. पुढील वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे ह्या विषयांतील शाळेकडचे 20 गुण काढून टाकण्यात आले, आणि 2019 चा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. शंभर टक्के मिळविणारे साऱ्या राज्यात अवघे 20 निघाले. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांच्या प्रश्नपत्रिकांचे स्वरूपही बदलले होते. तेव्हा सारी घसरण त्या 20 गुणांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तथापि पालकांचा आक्रोश झाला तो त्याच गुणांसाठी. आणि त्यास आधारही होता. केंद्रीय मंडळाच्या शाळांतील मुलांस त्यांचे अंतर्गत गुण पूर्ववत मिळत होते, आणि अकरावीच्या दारात उभे राहताना राज्य मंडळाची मुले त्यांच्या तुलनेने मागे पडत होती. ऑगस्ट 2019 मध्ये शासनाने ते गुण परत दिले. 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला, व शंभर टक्केवाले 242 झाले. त्या वर्षी साथीमुळे भूगोलाची परीक्षाच रद्द झाली होती, आणि त्या विषयाचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून देण्यात आले होते, हेही सांगितले पाहिजे.

मग शाळेची साक्ष टाकूनच द्यावी काय? येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. आपल्या वर्गात पहिला कोण, दुसरा कोण, आणि दोघांत अंतर थोडे की फार, हे वर्षभर शिकविणाऱ्या शिक्षकास कोणत्याही परक्या परीक्षकापेक्षा चांगले कळते. जे त्यास कळू शकत नाही ते हे की, आपला पहिला मुलगा लातूरच्या किंवा ठाण्याच्या वर्गात बसविला तर कितवा येईल. म्हणजे शाळेने लावलेला क्रम विश्वसनीय, शाळेने लावलेले माप अविश्वसनीय. उलटपक्षी सार्वत्रिक परीक्षेचे माप सर्वांस एक असते; परंतु एका दिवसाच्या अपघाताने क्रमात गफलत होऊ शकते. तेव्हा शाळेकडून क्रम घ्यावा व परीक्षेकडून माप घ्यावे, असे कोणास सुचले तर ते सयुक्तिकच होय.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स ह्या राज्यात नेमके असेच केले जाते. सिडनीकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस ही पद्धत चांगलीच परिचयाची आहे. योगायोगाने तेथील शालान्त परीक्षेचे नावही आपल्या बारावीप्रमाणे एच. एस. सी. असेच आहे. तेथे अंतिम गुणांत शाळेचा वाटा पाचवा नव्हे, निम्मा असतो. परंतु शाळेने कळविलेले गुण जसेच्या तसे घेत नाहीत. त्या शाळेच्या त्याच मुलांनी त्याच विषयाच्या सार्वत्रिक परीक्षेत जे गुण मिळविले, त्यांच्या मापात ते बसवून घेतात, आणि मगच दोहोंची सरासरी काढतात.

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. आसेगावच्या वर्गात पाच मुले आहेत, आणि शिक्षकाने त्यांस शंभरांपैकी 60, 55, 50, 45 व 40 असे गुण दिले, असे समजावे. सार्वत्रिक परीक्षेत ह्याच पाच जणांस 80, 74, 68, 62 व 56 मिळाले. मात्र शाळेत जो पहिला होता त्यास त्या दिवशी बरे नसल्यामुळे 74 मिळाले, आणि शाळेतील दुसऱ्याने 80 मिळविले. आता शाळेच्या सर्वोच्च गुणांस परीक्षेतील सर्वोच्च गुण द्यावयाचे, म्हणजे 60 चे 80 होतात. सर्वांत खालच्या 40 चे 56 होतात. वर्गाची सरासरी परीक्षेतील सरासरीइतकी, म्हणजे 68 ठेवावयाची. आणि मधल्या मुलांतील अंतरे प्रमाणात राखावयाची. अशा रीतीने शाळेचे गुण 80, 74, 68, 62 व 56 असे होतात. शाळेतील पहिल्यास शाळेकडून 80 व परीक्षेचे 74 मिळून सरासरी 77 पडते. दुसऱ्यास शाळेचे 74 व परीक्षेचे 80 मिळून तेवढीच 77. आजारी पडलेल्या मुलाचे नुकसान निम्म्याने भरून निघाले, आणि तेही त्याने वर्षभर केलेल्या कामाच्या बळावर.

हाच वर्ग उदार शिक्षकाकडे असता आणि त्याने 100, 98, 96, 94 व 92 असे गुण वाटले असते, तर काय झाले असते? क्रम तोच, अंतरे त्याच प्रमाणात. तेव्हा शंभराचे 80 झाले असते, 92 चे 56 झाले असते, आणि पाचही मुलांचा अंतिम निकाल तंतोतंत तोच लागला असता. उदारपणाचा एका गुणाचाही लाभ नाही, कठोरपणाची एका गुणाचीही हानी नाही. नुसती सरासरी काढली असती, तर शाळेतील पहिल्या मुलास कठोर शिक्षकाकडे 67 व उदार शिक्षकाकडे 87 पडले असते; वीस गुणांचा फरक, आणि तो मुलाच्या बोटभर श्रमाशिवाय.

ह्या पद्धतीस मर्यादा आहेत. वर्ग फार लहान असला तर एकट्यादुकट्याच्या यशापयशाने सारे माप हलते. शिक्षकाचा क्रमच पक्षपाताने लागला असेल, तर त्यावर ह्या गणिताजवळ औषध नाही. शिवाय मुलाचा अर्धा निकाल त्याच्या सोबत्यांनी परीक्षेत काय केले ह्यावर अंशतः अवलंबून राहतो, ही गोष्ट पालकांच्या गळी उतरविणे सोपे नाही. भारतात अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशासाठी ह्याच जातीची एक युक्ती 2013 ते 2016 ह्या वर्षांत योजिली गेली. तीत प्रवेशपरीक्षेस 60 टक्के व बारावीस 40 टक्के वजन होते. परंतु बारावीचे गुण जसेच्या तसे न घेता, मुलाचे आपल्या मंडळातील स्थान पाहत, म्हणजे शंभरांत किती जण त्याच्या मागे आहेत ते काढीत, आणि त्या स्थानाशी जुळणारे गुण प्रवेशपरीक्षेच्या मोजपट्टीवरून शोधीत. तत्त्व निर्दोष होते. पण तो हिशेब पालकांस कळेना, आणि 2017 पासून बारावीचे वजन त्या क्रमवारीतून निघून गेले.

क्रम शाळेचा आणि माप भलत्याचेच असे झाले, म्हणजे काय अनर्थ होतो, हे इंग्लंडात 2020 साली दिसले. साथीमुळे तेथे परीक्षा झाल्याच नाहीत. शिक्षकांनी प्रत्येक मुलाची अपेक्षित श्रेणी आणि वर्गातील क्रम कळविला. परीक्षाच नसल्यामुळे ह्या मुलांचे स्वतःचे माप उपलब्ध नव्हते; तेव्हा त्याच शाळेतून मागील वर्षांत उत्तीर्ण झालेल्या मुलांचे माप त्यांस लावण्यात आले. 13 ऑगस्टला निकाल लागला, आणि शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेण्यांपैकी सुमारे 39 टक्के खाली उतरविल्या गेल्याचे दिसून आले. ज्या शाळेतून पूर्वी कोणी उच्च श्रेणीत आला नव्हता, तेथील बुद्धिमान मुलास ती श्रेणी मिळण्याची वाटच बंद झाली. पाचांहून अधिक मुले नसलेल्या गटांत मात्र शिक्षकाचा शब्द प्रमाण धरला गेला, आणि असे लहान गट श्रीमंत खाजगी शाळांत अधिक असतात. मुले रस्त्यावर आली. चार दिवसांनी, 17 ऑगस्टला, सरकारने तो निकाल मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेण्या मान्य केल्या. थोरल्या भावाच्या अंगरख्याच्या मापाने धाकट्याची उंची ठरवावी, असा तो प्रकार होता.

महाराष्ट्रावर हीच पाळी पुढील वर्षी आली. 2021 ची दहावीची परीक्षा रद्द झाली, आणि 28 मे 2021 रोजी शासनाने गुण देण्याची रीत जाहीर केली. प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी 30 गुण दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनावर, 20 गुण गृहपाठ, तोंडी परीक्षा व प्रात्यक्षिकांवर, आणि 50 गुण नववीच्या अंतिम निकालावर द्यावयाचे. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती बसावयाची, आणि तिने हे काम करावयाचे. ह्यातील एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. हे विद्यार्थी नववीत होते ते 2019-20 ह्या वर्षी; आणि एप्रिल 2020 मध्ये साथीमुळे नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच रद्द करण्यात आली होती. म्हणजे नववीचा तो 'अंतिम निकाल' मुख्यतः सहामाहीवर व चाचण्यांवर उभा होता. ज्या सहामाहीचे पेपर देताना मुलांस किंवा शिक्षकांस त्यांचे महत्त्व स्वप्नातही ठाऊक नव्हते, त्यांच्यावर दहावीचा अर्धा निकाल तोलला गेला. एका दृष्टीने ते बरेच झाले. गुण फुगविण्याचा मोह व्हावा असे तेव्हा काहीच समोर नव्हते. परंतु कठोर शाळेचे गुण कठोरच राहिले, उदार शाळेचे उदारच राहिले, आणि त्यांस एका मापात आणणारे कोणतेही साधन ह्या रीतीत नव्हते.

16 जुलै 2021 रोजी निकाल लागला. तो 99.95 टक्के होता. शंभर टक्के गुण मिळविणारे 957 निघाले; दोन वर्षांपूर्वी ते 20 होते. बारावीसाठी थोडा निराळा हिशेब झाला. दहावीचे 30, अकरावीचे 30 व बारावीचे 40 अशी वाटणी होती. तेथे दहावीचा निदान एक भाग खऱ्याखुऱ्या सार्वत्रिक परीक्षेचा होता, आणि ह्या मुद्द्यावर ती रीत दहावीच्या रीतीपेक्षा सरस ठरते. तो निकाल 3 ऑगस्टला लागला, 99.63 टक्के.

दहावीच्या आकड्यांस समान माप नाही, ही जाणीव शासनासही होती. म्हणून अकरावीच्या प्रवेशासाठी 21 ऑगस्टला शंभर गुणांची एक ऐच्छिक सामाईक परीक्षा घ्यावयाची, आणि ती देणाऱ्यांस प्रवेशात अग्रक्रम द्यावयाचा, अशी योजना निघाली. मापाच्या दृष्टीने हा उपाय योग्य असला, तरी वेळ अत्यंत विपरीत होती. 10 ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरविली. अशी परीक्षा लादण्याचा अधिकार शासनास कायद्याने नाही, आणि साथीत मुलांस केंद्रांवर बोलाविणे त्यांच्या जिवाशी खेळणे होय, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. प्रवेश सहा आठवड्यांत पुरे करावयाचे होते. ते शाळाशाळांतील समित्यांनी भरून पाठविलेल्या गुणांवर झाले, आणि ज्या शाळेने दोन वर्षांपूर्वीच्या सहामाहीत 13 दिले होते, त्या शाळेच्या मुलीपुढे ते 13 च राहिले.